शब्द बरोबर, तरी समोरचा ‘सॉरी?’ म्हणतो : इंग्रजी शब्दातला जोर आणि त्याची दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "मी नीट सांगतो, तरी समोरचा सॉरी म्हणतो." व्याकरण ठीक आहे, शब्द माहीत आहे, स्पेलिंग विचारलं तर अचूक सांगता येतं, आणि तरी इंदूरमधल्या विजय नगरच्या ऑफिसातून अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या ग्राहकाशी बोलताना तोच शब्द दोनदा-तीनदा सांगावा लागतो. काही दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर अशा भागांत घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलत वाढलेली मुलंमुली माझ्याकडे हीच अडचण घेऊन येतात. त्यांच्यात काही कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. एकच गोष्ट त्यांना कुणी शिकवलेली नसते, आणि ती शिकता येते.

जे उपाय करून झालेले असतात

पहिला उपाय सगळ्यांचा सारखाच, हळू बोलणं. दुसरा, आवाज चढवणं. तिसरा म्हणजे ढब बदलणं: र गुंडाळायचा, ‘वॉटर’चं ‘वॉडर’ करायचं. तिसऱ्या उपायावर भंवरकुव्याच्या कोचिंगांत पैसेही खर्च होतात. या तिन्हींनी मूळ दोष जात नाही, आणि हळू बोलण्यानं तर तो वाढतो.

हळू बोलताना आपण शब्दाचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा भरघोस, सारख्या वजनानं म्हणतो. ‘डे-व्हे-लप-मेंट.’ मराठी कानाला हे फार स्वच्छ वाटतं. इंग्रजी कानाला मात्र शब्द ओळखण्यासाठी उलट गोष्ट लागते: एक तुकडा ठळक, बाकीचे फिके. ऐकणारा आधी ठळक तुकडा पकडतो आणि त्याच्या आसपास शब्द शोधतो. ठळक तुकडा चुकीचा निघाला की तो चुकीच्याच ठिकाणी शोधत बसतो. ‘डेव्हलप’ हा शब्द आपण ‘डे’वर जोर देऊन म्हणतो, तेव्हा त्याच्या कानावर आधी ‘डेव्हल’, म्हणजे सैतान, येतो. पुढचा ‘प’ कुठे बसवायचा हे त्याला कळेपर्यंत आपलं वाक्य संपलेलं असतं. मूळ उच्चारात जोर दुसऱ्या तुकड्यावर आहे: डि-ˈव्हे-लप.

ही माझ्या एकटीची समजूत नाही. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी परक्यांना कितपत कळतं याचा अभ्यास केला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. न कळण्याच्या प्रमुख कारणांत त्यांनी चुकीच्या जागी पडणारा जोर धरला आहे. म्हणजे अडचण जुनी आहे आणि देशभराची आहे.

पुढे शब्द लिहिताना मी तुकड्यांमध्ये आडवी रेघ देते, आणि ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या आधी ˈ अशी उभी रेघ. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांच्या कोशांत हीच पद्धत आहे. काही जुन्या कोशांत ही खूण जोराच्या तुकड्यानंतर देतात. घरात आजोबांच्या वेळचा कोश असेल तर त्याची पहिली पानं आधी बघून घ्या, नाहीतर प्रत्येक शब्दाचा जोर एक घर सरकेल.

पहिली तपासणी: तुकडे मोजा

जोर कुठे द्यायचा याच्या आधी शब्दात सिलॅबल किती, हे ठरलं पाहिजे. सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती जमलेला आवाजाचा तुकडा. अडून बसणारे पुष्कळ शब्द इथेच बिघडलेले असतात. आपण एक तर स्वर जास्तीचा घालतो, किंवा जो मूळ बोलणाऱ्यानं गिळलेला आहे तो स्पेलिंगमध्ये दिसतो म्हणून उच्चारतो.

जास्तीचा स्वर इंदूरमध्ये बरेचदा आजूबाजूच्या बोलीतून येतो. ‘फिल्म’ एक सिलॅबल. बाजारात ऐकलेलं ‘फिलम’ दोन. ‘स्कूल’ एक, ‘इस्कूल’ किंवा ‘सकूल’ दोन. शुद्ध मराठी घरातली मुलंही घाईत असलं की तसंच म्हणतात, कारण दिवसभर कानावर तेच पडतं. दुसरा मोठा गट भूतकाळी क्रियापदांचा. ‘आस्क्ट’, ‘वर्क्ट’, ‘चेंज्ड’, ‘क्लोज्ड’ हे सगळे एकाच सिलॅबलचे आहेत. ‘आस्केड’ असं दोन तुकड्यांत कुणी म्हणत नाही. शेवटचा ‘इड’ वेगळा ऐकू यायचा तो फक्त मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असेल तेव्हा: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. काही विशेषणं याला अपवाद आहेत, पण फोनवरच्या कामात ती क्वचित येतात.

गिळलेल्या स्वरांची उदाहरणं रोजची आहेत. ‘चॉकलेट’ दोन सिलॅबल: ˈचॉक्-लट. ‘वेन्सडे’ दोन: ˈवेन्झ्-डे. ‘बिझनेस’ दोन. ‘व्हेजिटेबल’ आपण चार तुकड्यांत म्हणतो, ते सहसा तीन: ˈव्हेज्-ट-बल. ‘कम्फर्टेबल’ मला सगळ्यात अडणारा शब्द वाटतो, कारण त्यात ‘टेबल’ दिसतं आणि ते म्हणायचा मोह आवरत नाही. म्हणायचं असतं ˈकम्फ्-ट-बल.

लिहिलेलं एक आणि बोललेलं दुसरं, याची आपल्याला खरं तर सवय आहे. आपण ‘सरकार’ लिहितो आणि ‘सर्कार’ म्हणतो, ‘बोलणे’ लिहितो आणि ‘बोल्णे’ म्हणतो. मधला अ कुठे गिळायचा हे कुणी शिकवलेलं नसताना आपण बिनचूक गिळतो. इंग्रजीत हेच, फक्त जागा वेगळ्या.

तुकडे मोजायला टाळ्या वाजवण्यापेक्षा ओठ मिटून शब्द गुणगुणणं जास्त उपयोगी पडतं. टाळ्या सगळ्या सारख्या पडतात आणि नको ती सवय पक्की करतात. गुणगुणताना व्यंजनं नाहीशी होतात आणि उरतात ते चढउतार. कोशातल्या स्पीकरचं बटण दाबून शब्द ऐका, मिटल्या ओठांनी तो म्हणा, मग तोंड उघडा.

दुसरी तपासणी: जोर कुठे आहे

शाळेत वृत्तं शिकताना आपण लघु-गुरूच्या खुणा करत होतो. तिथे अक्षर बघितलं की वजन कळतं: ऱ्हस्व स्वर लघु, दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. इंग्रजीत लिहिलेल्या शब्दाकडे बघून वजन कळत नाही, आणि आपली पहिली ठेच तिथेच लागते. ‘सर्टिफिकेट’ या शब्दात आपण शेवटच्या ‘केट’ला गुरू समजतो, उच्चार आहे सर-ˈटि-फि-कट.

तरी सगळंच पाठांतर नाही. काही शेपट्या फार भरवशाच्या आहेत आणि त्या आधी शिकाव्यात. शब्दाच्या शेवटी ‘शन’ ऐकू येत असेल, तर जोर त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर: ए-ड्यु-ˈके-शन, इन्-फर्-ˈमे-शन. ‘टेलिव्हिजन’ वेगळा आहे, तिथे जोर सुरुवातीला. शेवटी ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल तरीही जोर शेपटीच्या लगेच आधी: ई-क-ˈनॉ-मिक, अ-ˈबि-ल-टी, इ-लेक्-ˈट्रि-स-टी. ‘इक’ला काही अपवाद आहेत, त्यातला ˈपॉ-ल-टिक्स हा रोज लागणारा. ‘ग्राफी’, ‘लॉजी’, ‘क्रसी’ यांच्यातही जोर आधीच्या स्वरावर सरकतो: फ-ˈटॉ-ग्र-फी, बाय-ˈऑ-ल-जी, डि-ˈमॉ-क्र-सी. याउलट ‘मेंट’, ‘नेस’, ‘इंग’, ‘ली’ या शेपट्या जोराला हात लावत नाहीत. मूळ शब्दाचा जोर जिथे होता तिथेच राहतो. डि-ˈव्हे-लप, म्हणून डि-ˈव्हे-लप-मंट. ‘इअर’ शेवटी आलं की बहुधा जोर त्याच्यावरच: एन्-जि-ˈनिअर. आमच्या शहरात हा शब्द घरोघरी आहे आणि घरोघरी तो ‘एन्’वर जोर देऊन म्हणतात.

दोन सिलॅबलच्या शब्दांचा एक ढोबळ कल आहे: नाम असेल तर बहुधा जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. म्हणून एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार होतात. रेकॉर्ड हे नाम म्हणून ˈरे-कॉर्ड, आवाज टिपून घ्यायचं क्रियापद म्हणून रि-ˈकॉर्ड. भेटवस्तू ती ˈप्रे-झंट, सादर करायचं ते प्रि-ˈझेंट. परतावा ˈरी-फंड, परत देणं रि-ˈफंड. हा नियम कळला की मुलं उत्साहानं सगळीकडे लावतात, तेव्हा एक सावधगिरी: ‘रिपोर्ट’, ‘सपोर्ट’, ‘कंट्रोल’, ‘मिस्टेक’ हे नाम असोत की क्रियापद, जोर दुसऱ्यावरच, ‘आन्सर’ आणि ‘व्हिजिट’ दोन्ही रूपांत पहिल्यावर. जोडी पडते की नाही हे कोशात बघूनच ठरवावं.

अमेरिकन आणि ब्रिटिश यांच्यातही काही शब्दांवर मतभेद आहेत. प्रयोगशाळेचा शब्द ब्रिटनमध्ये ल-ˈबॉ-र-ट-री असा दुसऱ्या सिलॅबलवर जोर घेतो, अमेरिकेत पहिल्यावर. जाहिरातीचा शब्द ब्रिटिश अॅड-ˈव्हर्-टिस्-मंट म्हणतात. अमेरिकेत जोर ‘टाइझ’वर पडतो. ‘गॅरेज’चा जोर अमेरिकेत शेवटी, ब्रिटनमध्ये सुरुवातीला. असे शब्द मोजके आहेत. ग्राहक कुठला हे ठाऊक असेल तर त्याच्या पद्धतीनं म्हणा. ठाऊक नसेल तर कुठलीही एक घ्या, दोन्ही समजतात. समजत नाही ती तिसरी, कुठेच नसलेली.

तिसरी तपासणी, आणि खरी दुरुस्ती: बाकीचे तुकडे फिके करा

इतकं झाल्यावर पुष्कळ जण योग्य तुकड्यावर जोर द्यायला लागतात आणि तरी समोरचा सॉरी म्हणतो. इथे बहुतेक जण निराश होतात. कारण असं असतं की त्यांनी एका तुकड्याचं वजन वाढवलेलं असतं, पण बाकीच्यांचं कमी केलेलं नसतं. ‘फोटॉग्राफर’ म्हणताना टॉ मोठा झाला, पण ‘फो’ आणि ‘ग्रा’ तसेच भरलेले राहिले. उच्चार आहे फ-ˈटॉ-ग्र-फर. पहिल्या सिलॅबलमधला ओ गेला, तिसऱ्यातला आ गेला, दोन्ही जागी उरला नुसता आखूड अ.

जोर द्यायचा म्हणजे आवाज चढवायचा, हा समज इथे आड येतो. जोराच्या सिलॅबलचा स्वर लांबतो, सूर थोडा हलतो, आवाज किंचित वाढतो. पण ऐकणाऱ्याला सगळ्यात जास्त मदत होते ती आजूबाजूच्या स्वरांचा रंग उडाल्यानं. हा फिका स्वर इंग्रजीत फार मोठ्या प्रमाणावर येतो, आणि मराठी माणसाला तो नव्यानं शिकायचा नाही. ‘कमळ’मधला पहिला अ जवळपास तोच आहे. स्पेलिंगमध्ये काहीही दिसो, जोर नसलेल्या जागी हा आपलाच अ ठेवायचा. प-ˈलीस. क-ˈमि-टी. अ-ˈकाउंट. ˈबॅ-लन्स. कम्-ˈप्यू-टर. सगळ्याच बिनजोराच्या जागी अ येतो असं नाही, कुठे आखूड इ राहते: डि-ˈपॉ-झिट. पण शंका आली तर अ हा चांगला अंदाज आहे.

आता जे सांगते ते मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. ‘फो-ट-ग्राफ’चं ‘फ-टॉ-ग्र-फर’ होताना आतले स्वर बदलतात, हे मुलांना विचित्र वाटतं. शब्द तोच, मग आतून का बदलावा? तेव्हा मी त्यांना विचारते, ‘माणूस’ला ‘ला’ लावा. घरात मराठी पक्की असलेली मुलं लगेच ‘माणसाला’ म्हणतात. हिंदीच्या शाळेत वाढलेली काही ‘माणूसला’ म्हणतात आणि आतून आजीचा आवाज येतो. लाकूड, लाकडाला. फूल, फुलाला. तीळ, तिळाचा. प्रत्यय लागला की आतला दीर्घ स्वर आखडतो, कधी त्याचा नुसता अ होतो, कधी तोही जातो. हे आपल्या रक्तात आहे. ‘माणूसला’ ऐकल्यावर आपल्या कानाला जे खटकतं, तेच ‘फोटोग्राफर’ सगळ्या स्वरांसकट ऐकल्यावर इंग्रजी कानाला खटकतं. एकदा हे पटलं की मुलं जोराचं कोष्टक पाठ करणं सोडतात आणि शब्द कुटुंबासकट ऐकायला लागतात: ˈफो-ट-ग्राफ, फ-ˈटॉ-ग्र-फर, फो-ट-ˈग्रॅ-फिक. ˈपॉ-ल-टिक्स, प-ˈलि-टि-कल, पॉ-ल-ˈटि-शन. इ-ˈकॉ-न-मी, ई-क-ˈनॉ-मिक. माझा आग्रह असा की एकटा शब्द कधी शिकू नये. त्याची दोन भावंडं तरी बरोबर घ्यावीत, कारण जोर सरकताना ऐकला की तो लक्षात राहतो.

वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवा, रोमन स्पेलिंग शेजारी नको. स्पेलिंग दिसलं की डोळा पुन्हा ओ आणि आ वाचतो. मात्र देवनागरीत एक धोका आहे. ‘फोटग्राफ’ असं सलग लिहिलंत, तर मराठी जीभ सवयीनं मधला अ गिळेल आणि ‘फोट्-ग्राफ’ असे दोनच तुकडे होतील. म्हणून आडव्या रेघा सोडू नका: फो-ट-ग्राफ. रेघ दिसली की अ टिकतो.

मग तेच पुन्हा का होतं

सरावात बरोबर येणारा शब्द फोनवर पुन्हा चुकतो. कुठले शब्द परत बिघडतात याची यादी करा, आणि बहुतेक वेळा एक गोष्ट दिसेल: अवघड, नवे शब्द नीट राहतात, बिघडतात ते अगदी ओळखीचे. हॉटेल, पोलीस, कमिटी, डिपॉझिट, सर्टिफिकेट, इंजिनिअर, कॉम्प्युटर. हे शब्द आपण इंग्रजी वर्गात शिकलोच नाही. ते लहानपणी मराठीत ऐकले, आई-बाबांच्या तोंडून, आणि मराठीच्या चालीनं. राजवाड्याजवळच्या हॉटेलात पोहे खायला जाताना ते ‘हॉटेल’च आहे, आणि तसंच असायला हवं. अडचण एवढीच की इंग्रजी वाक्यात तोच शब्द आला की जीभ मराठी रूप उचलते. नव्या शब्दाला मराठी रूप नसतं, म्हणून तो वाचतो.

याच्यावर एक सराव उपयोगी पडतो. एक मराठी वाक्य आणि एक इंग्रजी वाक्य पाठोपाठ म्हणा, दोन्हींत तोच शब्द. "त्या हॉटेलात जागा नाही." लगेच इंग्रजीत, "द हो-ˈटेल इज फुल." "पोलीस आले." मग "द प-ˈलीस आर हिअर." मराठीत मराठी रूप मुद्दाम ठळक ठेवायचं. दोन्ही रूपं वेगळी आहेत आणि दोन्ही आपली आहेत, हे जिभेला कळलं की ती गोंधळत नाही. मराठी रूप बदलायला जाऊ नका. घरी ‘प-ˈलीस’ म्हणायला लागलेल्या मुलाचं कौतुक होत नाही आणि इंग्रजीही सुधारत नाही.

बिघाड परत येण्याचं दुसरं कारण पडद्यावरून वाचणं. कॉलच्या वेळी समोर लिहिलेला मजकूर असतो आणि डोळे स्पेलिंगवर असतात. मजकूर आपल्याला आधी मिळत असेल तर त्यातले लांब शब्द शोधून, फक्त जोराच्या अक्षराखाली रेघ ओढून ठेवा. सगळ्या मजकुरावर खुणा केल्या तर काहीच दिसत नाही.

आणि आकडे. तेरा-तीस, चौदा-चाळीस, पंधरा-पन्नास या जोड्या पैशांच्या व्यवहारात फार गोंधळ करतात. सुटे म्हणताना थर-ˈटीन आणि ˈथर-टी असा फरक पडतो. पण पुढे नाम आलं, ‘थर्टीन डॉलर्स’, की तेराचाही जोर बरेचदा पुढे ‘थर’वर सरकतो आणि मग जोरावर भिस्त ठेवता येत नाही. तिथे शेवटचा न स्पष्ट ऐकू आला पाहिजे, आणि तरीही रक्कम असेल तर आकडे सुटे करून ‘वन थ्री’ असं पुन्हा सांगावं. यात कमीपणा काहीच नाही.

शब्द सुटला, वाक्य अडलं

शब्दांचा जोर जमल्यावर हीच गोष्ट वाक्यात दिसायला लागते. मराठीत एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर आपल्याकडे ‘च’ आहे, ‘तर’ आहे, ‘ही’ आहे. "मीच सांगितलं होतं." शब्दाला एक अक्षर चिकटवलं की काम झालं, आवाजावर भार टाकावा लागत नाही. इंग्रजीत ‘च’ नाही, ते काम बरेचदा आवाज करतो. म्हणून तिथे भर नको असलेले शब्दही आपण भरून म्हटले, तर ऐकणाऱ्याला नसलेले ‘च’ ऐकू येतात.

यातली सगळ्यात महाग पडणारी चूक ‘कॅन’ची आहे. "आय कॅन डू इट" या वाक्यात ‘कॅन’ साधारणपणे फिका पडतो, जवळपास ‘कन’, आणि जोर जातो ‘डू’वर. ‘कान्ट’ किंवा अमेरिकन ‘कॅन्ट’ मात्र नेहमी भरलेला असतो. अमेरिकन माणसाच्या तोंडी शेवटचा ट बरेचदा नीट ऐकूही येत नाही, म्हणून त्याचा कान ट शोधत नाही, स्वर भरलेला आहे की फिका एवढंच बघतो. आपण उत्साहानं "आय कॅन" असं भरून म्हटलं की त्याला ‘जमणार नाही’ ऐकू येतं. होकार देऊन समोरचा नाराज झाल्याचं ज्यांना कळत नाही, त्यांनी आधी हे एक वाक्य तपासावं. ‘टु’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘अँड’ हेही असेच फिके पडणारे: ‘ट’, ‘फर’, ‘अव्ह’, ‘अन’.

तपासून कसं बघायचं

फोनच्या व्हॉइस टायपिंगवर विसंबू नका. ते आपल्यासारख्यांचे आवाज ऐकून तयार झालेलं असतं आणि आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, त्यामुळे चुकीचा जोरही बरोबर लिहून देतं. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, कोशातला आवाज त्याच्या लगेच नंतर ऐका, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा: माझे बिनजोराचे तुकडे त्याच्याइतके आखूड आहेत का? उच्चार चांगला की वाईट, असं स्वतःला विचारू नका, त्यातून काही हाती लागत नाही. सुरुवातीला तुमच्या कामातले वीस-पंचवीस शब्द पुरे आहेत. हिशेबाच्या कामात असाल तर खात्यावरचे, दवाखान्याच्या कामात असाल तर तिथले. सगळी डिक्शनरी घेऊन बसणारी मुलं पहिल्या पानांपुढे गेलेली मी पाहिलेली नाहीत.

इंदूरमध्ये, पुण्यात, बंगळुरूत आपसात बोलताना हे सगळं करायची गरज नाही. तिथे सगळे सारख्याच चालीनं बोलतात आणि सगळ्यांना कळतं. ती चाल चुकीची आहे असं मी कुणाला म्हणू देत नाही. आपली ढब, आपला ट आणि ड, आपला र, हेही ठेवावेत. त्यांनी अर्थ फारसा अडत नाही. अडतो तो जोरावर, म्हणून मेहनत तिथे करायची. आपलं नावही इंग्रजी चालीवर वाकवू नका. ‘कुलकर्णी’ सांगताना तीन तुकडे सावकाश म्हणा, मग एकेक अक्षर स्पेल करा.

आणि चालू कॉलमध्ये शब्द अडलाच, तर तो तसाच तिसऱ्यांदा म्हणू नका. दुसऱ्यांदा म्हणताना जोराचा तुकडा लांबवा, बाकीचे आखडा. तरी कळलं नाही तर शब्द सोडून द्या आणि दुसरा घ्या: ‘डिपॉझिट’ अडला तर "द मनी यू पेड फर्स्ट", ‘सर्टिफिकेट’ अडला तर "द पेपर फ्रॉम युअर कॉलेज". कॉल संपला की अडलेला शब्द वहीत रेघांसकट लिहून ठेवा, त्याची दोन भावंडं शेजारी लिहा, आणि दुसऱ्या दिवशी कामावर बसण्याआधी तिन्ही एकदा मोठ्यानं म्हणा.